दिसतंय सगळ्यांना, घेतंय कोण?

एडिसनमधल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी गेल्या वर्षी एका कंपनीला ४,८०० डॉलर दिले. महिन्याला चारशे, असे बारा महिने. ‘तुमची बेकरी गुगलच्या पहिल्या पानावर आणून दाखवू, गॅरंटी’, असं त्या कंपनीचं म्हणणं होतं. वहिनी घरच्या घरी नानकटाई, खारी आणि एगलेस केक करून विकतात. हे पैसे त्यांनी दोन वर्षं ओव्हनसमोर उभं राहून साठवले होते, मोठा ओव्हन घ्यायचा म्हणून. आणि त्या कंपनीला ‘हो’ म्हणून टाका, हा सल्ला माझा होता.

मी एका विमा कंपनीत हिशेब बघतो. वेबसाइटशी माझा संबंध बिलं भरण्यापुरता. पण न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस म्हटलं की त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं इथल्यांनाही वाटतं आणि गावाकडच्यांनाही. कोणी विचारलं की ‘मला यातलं कळत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. मीही त्या कंपनीचं माहितीपत्रक चाळलं, गॅरंटी हा शब्द वाचला आणि मान डोलावली.

पहिले तीन महिने रिपोर्ट फार सुंदर येत होते. रंगीत आलेख, वर जाणारे बाण, ‘इम्प्रेशन’ हजारांच्या घरात. मला बरं वाटायचं, कारण वर जाणारा आकडा बघायची सवय. चौथ्या महिन्यात वहिनींनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, ‘‘भाऊजी, एवढे लोक बघतायत म्हणता, मग माझा फोन का वाजत नाही?’’

त्या रविवारी पहिल्यांदा मी नीट बसलो. आधीच बसायला हवं होतं.

कंपनीने गॅरंटी पाळली होती, हे आधी सांगतो. आठ शब्दसमूहांवर वहिनींची वेबसाइट खरोखरच पहिल्या पानावर होती. पण ते शब्दसमूह वाचून मला हसावं की रडावं कळेना. एकात बेकरीचं नाव, गावाचं नाव आणि नानकटाई असं सगळं ओळीने गुंफलेलं. दुसऱ्यात तर आमच्या रस्त्याचंही नाव. आता ज्याला बेकरीचं नाव, गाव आणि रस्ता आधीच ठाऊक आहे, तो गुगलवर शोधेल कशाला? तो सरळ बेल वाजवेल. जे कोणी शोधतच नाही, त्यात पहिला नंबर आणणं फारसं अवघड नसतं.

हे कळायला पैसे लागत नाहीत. गुगलचं ‘सर्च कन्सोल’ नावाचं साधन फुकट आहे. लोकांनी नेमकं काय टाइप केलं तेव्हा आपली वेबसाइट दिसली, किती वेळा दिसली, त्यातल्या किती जणांनी ती उघडली, हे त्यात मागच्या सोळा महिन्यांपर्यंतचं बघता येतं. त्याचा प्रवेश मिळवायला आम्हाला कंपनीला तीन ई-मेल पाठवावे लागले. आत गेल्यावर दिसलं की त्या आठ शब्दसमूहांवरून चार महिन्यांत वेबसाइट उघडली गेली होती ती सातदा. त्यातल्या दोनदा बहुतेक मीच.

पैसे दिले की गुगलवर वर जाता येतं, हा समज मला वाटतं सगळ्यांत खोल रुजलेला आहे. वर्तमानपत्रात पहिल्या पानाचा दर जास्त असतो, तसंच इथेही असणार असं आपण धरून चालतो. गुगलवर पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि तिच्यावर तसं लिहिलेलंही असतं. तिथेही नुसती जास्त बोली लावून भागत नाही. जाहिरात शोधणाऱ्याच्या कामाची आहे का, तिच्यामागचं पान कसं आहे, हेही प्रत्येक शोधाच्या वेळी तोललं जातं. जाहिरातीखेरीजच्या निकालांत वरची जागा विकत मिळत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गुगलच आपल्या मार्गदर्शनात सांगतं. म्हणजे जी गॅरंटी बघून मी भुललो, ती बघूनच खरं तर दार लावायला हवं होतं.

‘पण माझ्या फोनवर तर पहिलंच दिसतं!’ हे वहिनींचे यजमान दर आठवड्याला म्हणायचे. दिसणारच. ते एडिसनमध्ये बसून, रोज तीच वेबसाइट उघडणाऱ्या फोनवर बघत होते. तुम्ही कुठे आहात आणि आधी काय शोधलंय, यावर निकाल बदलतात. ओक ट्री रोडवर उभा असलेला माणूस आणि प्रिन्स्टनमधला माणूस यांना ‘जवळची बेकरी’ एकच कशी दिसेल?

मग मी जाहिरातींच्या हिशेबाकडे वळलो. चारशेतले काही डॉलर जाहिरातीवर जात होते. माणसं बघत होती हे खरंच. कुठली माणसं? टेक्सास, कॅलिफोर्निया, इलिनॉय. कंपनीने जाहिरात सबंध अमेरिकेत लावली होती, कारण त्यामुळे आकडे फुगतात. इथे आमच्या राज्याचा कायदा सांगायला हवा. घरच्या स्वयंपाकघरात भाजलेलं विकायला न्यू जर्सीने परवानगी दिली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांच्या शेवटी. दोन वर्षांचा परवाना शंभर डॉलरचा, वर्षाची विक्री ५० हजार डॉलरच्या आत, आणि माल थेट गिऱ्हाइकाच्या हातात, राज्याच्या हद्दीतच द्यायचा. राज्याबाहेर पाठवायचा नाही. डॅलसमधल्या एखाद्या बाईंना वहिनींची नानकटाई कितीही आवडली, तरी वहिनी ती त्यांना विकूच शकत नाहीत. तरी त्यांच्या प्रत्येक क्लिकचे पैसे वहिनींनी भरले.

आम्ही भांडून जाहिरात न्यू जर्सीपुरती करायला लावली. पुढच्या रिपोर्टात पुणे आणि हैदराबाद! आधी वाटलं कंपनीने फसवलं. पण ही सोय गुगलच्या जाहिरातीतच आहे. ठिकाण निवडलं की त्या ठिकाणी असलेले लोक आणि त्या ठिकाणात ‘रस दाखवणारे’ लोक, असे दोन्ही धरायचे, हा पर्याय आधीच निवडलेला असतो. मुलगी एडिसनला राहते म्हणून पुण्यात बसून इथलं हवामान बघणारे बाबासुद्धा त्यात येऊ शकतात. ‘फक्त त्या ठिकाणी असलेले’ हा पर्याय आपण शोधून निवडावा लागतो. कंपनीला हे ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून बदललं नव्हतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

लाइक्सची गोष्ट याहून हळवी. वहिनींच्या फेसबुक पानावर दिवाळीच्या फोटोला नऊशे लाइक्स होते. मी नावं वाचली. नाशिकची चुलत जाऊ, साताऱ्याचे मामा, शाळेतल्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या सुना. प्रेम सगळं खरं, आणि त्यातलं एकही घर डिलिव्हरीच्या टप्प्यात नाही. आपल्या परदेशातल्या माणसांच्या धंद्याचं हे खास दुखणं आहे. आपलं मायेचं माणूस एका देशात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या देशात. टाळ्या तिकडून ऐकू येतात आणि वाटतं, दुकान चाललंय. त्यात पोस्ट ‘बूस्ट’ करताना उद्देश म्हणून लाइक्स आणि प्रतिसाद निवडले, तर फेसबुक ती पोस्ट लाइक करणाऱ्या स्वभावाच्या माणसांनाच शोधून दाखवतं. विकत घेणारी माणसं वेगळी असतात आणि ती बहुधा मुकाट असतात.

आता माझ्याच एका पराक्रमाबद्दल. वेबसाइट नवी असताना मी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं, ‘सगळ्यांनी वहिनींच्या बेकरीला पाच तारे द्या रे.’ एका दिवसात चौदा अभिप्राय आले. ‘अप्रतिम चव’, ‘तोंडात विरघळते’. लिहिणाऱ्यांपैकी एकानेही ती नानकटाई तोंडात घातलेली नव्हती. पंधरवड्यात त्यातले बरेचसे गायब झाले, आणि त्यांच्याबरोबर इथल्या दोन खऱ्या गिऱ्हाइकांचे अभिप्रायही गेले, ते परत आले नाहीत. वस्तू न वापरता दिलेले खोटे अभिप्राय अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २१ ऑक्टोबर २०२४ पासून नियमानेच बंद केलेत, दंडाच्या तरतुदीसह. भारतातही भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटलं, मी मदत करतोय.

याच दिवसांत गुहागरहून मावसभावाचा फोन आला. त्याचं समुद्राजवळ होमस्टे आहे. ‘‘अरे, दहा हजार फॉलोअर स्वस्तात मिळतायत इन्स्टावर. घेऊ ना?’’ एव्हाना माझे कान पोळलेले. म्हटलं, दादा, ते दहा हजार जण जेवायला येणारेत का तुझ्याकडे? आधी गुगल मॅपवर तुझं घर बघू. बघितलं, तर खूण भलत्याच वाडीत पडलेली, आणि खाली दिलेला फोन कधीच बंद झालेल्या लँडलाइनचा. दोन वर्षं मुंबई-पुण्याची माणसं अंधारात चुकीच्या वाडीत जाऊन परत फिरत होती. गुगलवर व्यवसायाची नोंद करणं, ती आपल्या ताब्यात घेणं, यात एक पैसा लागत नाही. जागेचा व्हिडिओ काढून खात्री पटवावी लागली, ते त्याच्या मुलीने केलं. आसपासच्या शोधात कोण वर दिसणार, याचे तीन निकष गुगल उघड सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी जुळणं, अंतर आणि किती लोकांना ते ठिकाण माहीत आहे. खूणच चुकली असेल तर अंतराचा हिशेब चुकीच्या वाडीपासून होणार. दादाने फॉलोअर घेतले नाहीत. मात्र मी कंजूष आहे, असं त्याचं मत झालंय.

यावरून काही जण म्हणतात, हे ऑनलाइन प्रकरणच थोतांड, तोंडी जाहिरात तेवढी खरी. मला हेही पटत नाही. मंडळातली तोंडी जाहिरात मंडळाच्या भिंतीपाशी थांबते. ओळखीची तीसेक घरं झाली की संपलं.

सर्च कन्सोलमध्ये अगदी तळाशी एक ओळ होती, ती मला आधी दिसलीच नव्हती. ‘एगलेस बर्थडे केक’ असं शोधणाऱ्यांना वहिनींची वेबसाइट पाचव्या-सहाव्या पानावर कुठेतरी दिसत होती, आणि असं शोधणारे बरेच होते. आमच्या भागात गुजराती, तेलुगू, जैन कुटुंबं भरपूर. त्यांना अंडं नसलेला केक हवा असतो, शनिवारी सकाळी हवा असतो, आणि किंमत आधी कळायला हवी असते. आमच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर काय होतं? ‘अस्सल महाराष्ट्रीय परंपरेचा वारसा’, त्याखाली पैठणीतला फोटो. तो मजकूर मी लिहून दिला होता, आणि मला तो फार आवडला होता. केक तिसऱ्या पानावर, किंमत कुठेच नाही.

वहिनींनी तो मजकूर काढला तेव्हा मला थोडं लागलं, खोटं का बोलू. आता वर केकचे फोटो आहेत, किमती आहेत, कुठल्या सहा गावांत पोचवतात ती नावं आहेत आणि किती दिवस आधी सांगायचं ते आहे. नानकटाई खाली आहे. ज्या गिऱ्हाइकाला केक पोचवतात त्याला वहिनी स्वतः सांगतात, आवडला तर दोन ओळी लिहा. चौघांत एखादा लिहितो. दिवाळीच्या आधी तीन आठवडे दहा मैलांच्या आत छोटी जाहिरात दिली, दिवसाला आठ डॉलर. त्यातून नऊ नवी घरं आली. आकडा रिपोर्टात शोभण्यासारखा नाही, पण त्यातल्या पाच घरांनी पुन्हा ऑर्डर दिली. मोठा ओव्हन अजून आलेला नाही.

करार संपला तेव्हा शेवटची गोष्ट कळली. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कंपनीने स्वतःच्या नावावर नोंदवलं होतं. वहिनींच्या बेकरीचं नाव, पण मालक ते. सोडवून घ्यायला त्यांनी आणखी सहाशे डॉलर मागितले. अशा नावाच्या नोंदीचा खर्च वर्षाला जेमतेम पंधरा-वीस डॉलर असतो, आणि ती पहिल्या दिवशी आपल्या नावावर, आपल्या ई-मेलने करता येते. करारात त्याबद्दल एक ओळ होती, आठव्या पानावर. मी तो वाचून दाखवला होता, आठवं पान सोडून.

वहिनींनी सहाशे डॉलर दिले नाहीत. थोडं वेगळं नाव घेतलं, या वेळी स्वतःच्या नावावर. जुन्या पत्त्याची पाचशे कार्डं छापलेली पडली आहेत. रोज रात्री केक थंड होईपर्यंत त्या टेबलाशी बसून त्यांवर पेनने नवा पत्ता लिहितात. परवा मीही बसलो, साठेक कार्डं झाली.