संकटसमयीचा दूरध्वनी

आजोबा अंगणात कोसळतात. नातवंड त्यांचा भ्रमणध्वनी उचलते आणि कुलपाचा गुप्तांक ठाऊक नसल्याने गांगरून जाते. वस्तुतः गुप्तांकाची गरजच नसते. बंद पडद्यावरच ‘इमर्जन्सी’, अथवा फ्रेंचमध्ये ‘उर्जांस’, ही अक्षरे असतात. त्यांना स्पर्श करताच अंक उमटतात. मॉरिशसमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११४, अग्निशामक दलासाठी ११५, पोलिसांसाठी ९९९ किंवा ११२. यांतील ११२ हा क्रमांक प्रत्येक भ्रमणध्वनी ओळखतो. प्रथम ठिकाण सांगावे: गाव, रस्ता, जवळचे देऊळ, आजाराची हकीकत मागाहून. मग ‘स्पीकर’ची खूण दाबून यंत्र भुईवर ठेवावे, म्हणजे रोग्यास सावरण्यास दोन्ही हात मोकळे राहतात. जवळच ‘म्यूट’ असते; घाईत तीच दाबली गेली, तर पलीकडच्यास अवाक्षर ऐकू येत नाही. तो सांगेपर्यंत संभाषण तोडू नये.