सातबाऱ्यातली तीन अक्षरं

आमच्या आजाच्या भातशेताचा जुना सातबारा मी अजून जपून ठेवलाय. त्यावर थोरल्या काकांचं नाव आहे आणि नावापुढं तीन अक्षरं : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाप म्हणायचा, "दादाचा नाव हाय म्हंजे सगल्यांचाच हाय."

पुढं सातबारा नव्यानं लिहिला गेला. नाव राहिलं, तीन अक्षरं गळाली. मुद्दाम गाळली की लिहिणाऱ्याचा हात चुकला, देव जाणे. 1970 नंतर नवी मुंबईसाठी पनवेल तालुक्यातल्या जमिनी गेल्या, त्यात आमचीही गेली. मोबदला ज्याचं नाव त्याला. 1984 च्या जासईच्या लढ्यात पाच जणांनी जीव दिला, मग पुढं साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. तेही ज्याचं नाव त्यालाच. शेतात घाम तिघा भावांचा, पैसा एका घरात. आम्ही कोर्टात गेलो. बाप गेला, तारखा चालूच राहिल्या.

वकिलानं तेव्हा सांगितलं, सातबारा हा मालकीचा पुरावाच नव्हे. जमीन महसूल संहितेचं कलम 157 म्हणतं, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानायची. बरं, खरेदीखत? 1908 च्या कायद्यानं दस्त नोंदला जातो. विकणारा खरा मालक आहे याची हमी कुणी देत नाही. म्हणून तर घेणारा तीस वर्षांचा सर्च काढतो, पेपरात नोटीस देतो आणि तरी धास्तीतच राहतो. सारा सरकार घेतं, मुद्रांक शुल्क घेतं. हमी मागितली की हात वर!

दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 सालीच टॉरेन्स नावाच्या माणसानं वेगळी रीत पाडली. सरकारी वहीत ज्याचं नाव, तोच मालक. वही चुकून कुणाचं नुकसान झालं तर भरपाईची सोय. आपल्याकडे 2008 पासून त्याच दिशेनं जायचं चाललंय. सातबारा संगणकावर आला. पण संगणकानं केलं काय? जुनी चूक सुबक छापून दिली.

मला हा हमीचा कायदा हवाच आहे. पण आजची नोंद आहे तशी पक्की कराल, तर लबाडाच्या हातात सरकारी शिक्का द्याल. एकुमॅखाली गाडलेले भाऊ, हक्कसोडीवर अंगठा दिलेल्या बहिणी, वहिवाटीला नाव न लागल्यानं 1957 च्या कृषकदिनालाही कोरडी राहिलेली कुळं, डोंगराकडेचा कातकरी, या सगळ्यांना दरवाजा कायमचा बंद होईल.

म्हणून आधी गावोगाव चावडीवाचन करा, मोठ्यानं. वंशावळ मांडा, सासरी गेलेल्या बहिणींना बोलवा, बांधावर उभं राहून मोजणी करा. हरकतीला पंधरा दिवस नकोत, दोन वर्षं द्या. भरपाईचा निधी आधी, शिक्का नंतर.

आमच्या त्या जुन्या कागदावर ती तीन अक्षरं अजून ठळक आहेत. वाचन लागलं की कागद घेऊन मी पहिल्या रांगेत बसणार.