शिव्या कुणाला, सौजन्य कुणाचे?

पंक संगीताचे नाव काढले की कान तयार असलेल्या माणसाच्या कपाळावर आठ्या पडतात. गिटारचे तीन कॉर्ड, दोन मिनिटांचे गाणे, घसा फुटेस्तोवर आरडाओरडा आणि वर शिव्या. याला संगीत म्हणायचे का? जरूर विचारावे. पण पंकवाल्यांचा गळा तपासण्याआधी त्यांची हिशेबाची वही पाहावी.

जानेवारी 1977 मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी काढली. त्यासाठी घरच्यांकडून आणि मित्रांकडून 500 पौंड उसने घेतले आणि सुरुवातीला हजार प्रती काढल्या. कोणत्याही कंपनीचा उंबरठा झिजवला नाही. त्याच वर्षी सेक्स पिस्टल्सने राणीच्या रौप्यमहोत्सवात एका गाण्यातून राणीवरच तोंडसुख घेतले. बीबीसीने ते गाणे वाजवले नाही, तरी विक्रीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. वॉशिंग्टनच्या फुगाझीने वर्षानुवर्षे तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवले. आपल्या मुंबईतही ‘द रायट पेडलर्स’ नावाचा बँड निघाला. ‘सरकार्झम’ हे त्यांच्या गाण्यांच्या संचाचे नाव, आणि रोख कुणावर हे नावातच आले. या साऱ्यांचा सूर एकवेळ चुकला असेल. पण कुणाचे मिंधे नसल्यामुळे कुणावर बोलायचे हे त्यांचे त्यांनी ठरवले.

रत्नागिरीकरांनी याला नाक मुरडण्याचे कारण नाही. जुने जाऊ द्या म्हणून ‘तुतारी’ फुंकणारे केशवसुत इथल्याच मालगुंडचे. 1893 सालची ती कविता तेव्हाच्या सभ्य कानांना फार गोड लागली असेल असे नाही. आणि दोन हात करणारे गाणे ऐकायचे तर आपल्याकडे जाखडी आहेच. मध्ये शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाला बसतात. भोवती पायात चाळ बांधलेली पोरे गोल धरतात आणि शक्तीवाले व तुरेवाले या दोन फळ्या एकमेकांची सालटी काढतात. गण झाला, गवळण झाली की खरा खेळ सुरू. समोरच्या शाहिराच्या कवनातली चूक, त्याची अक्कल, त्याचा गुरू, काहीही सुटत नाही. उत्तर तिथल्या तिथे रचावे लागते. नाही जमले तर पब्लिक हुर्यो उडवते. ही गाणी कोणत्याही संगीत कंपनीने शिकवली नाहीत. शेतात राबणाऱ्या आणि मुंबईत नोकऱ्या करणाऱ्या माणसांनी गावोगावी मंडळे काढून, वर्गणी जमवून ती जगवली. परळच्या दामोदर नाट्यगृहापर्यंत नेली. आपले आपण करण्याचा धडा कोकणाला मँचेस्टरकडून घ्यायला नको.

घ्यायचा तो दुसरा, कुणाचे मिंधे न होता बोलण्याचा. आज ‘शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना’ असा फलक लागतो तेव्हा शाहिरांच्या फोटोंपेक्षा वरच्या हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो मोठे असतात. ऑक्टोपॅड, दिवे, मंच, मानधन. खर्च वाढला, ‘सौजन्य’ही वाढले. मग सारी आग समोरच्या पार्टीवर. ते कमी पडले तर बायकांवरचे पाचकळ विनोद. पहिल्या रांगेतल्या खुर्चीपाशी मात्र शाहिराची जीभ एकदम सुसंस्कृत होते.

विषयांचा दुष्काळ आहे म्हणावे, तर तसेही नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण 2011 पासून चालू आहे. गणपतीआधी खड्डे बुजवण्याची आश्वासने दरवर्षी गणपतीइतक्याच नेमाने येतात. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल बांधून व्हायच्या आतच, ऑक्टोबर 2023 मध्ये कोसळला. त्याच वर्षी बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासायला यंत्रे आली आणि त्यांच्यासमोर बायाबापड्या उन्हात आडव्या पडल्या. प्रकल्प हवा म्हणणारेही आपल्यातच आहेत, त्यांनीही गावे. तुरेवाल्यांनी बाजू मांडावी, शक्तीवाल्यांनी ती फाडावी. सवाल-जवाबाचा साचा याहून चांगल्या कामाला कधी येणार? अशी कवने मुळीच होत नाहीत असे नाही. पण ती होतात चिमूटभर, आणि नाव न घेता. नाव न घेता केलेली टीका ज्याच्यावर असते, तोच सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवतो.

म्हणून मागणी एवढीच. रत्नागिरीतून एक अल्बम यावा. गिटारवर यावा किंवा ढोलकीवर, बिघडत नाही. बेसूर असला तरी चालेल. त्यावर ‘सौजन्य’ मात्र कुणाचे नसावे. आठ-दहा गाणी, खर्च मंडळाचा, आणि ज्याचा खड्डा त्याचे नाव.

शाहीर भित्रे झाले अशी तक्रार करण्याआधी रसिकांनीही स्वतःचा खिसा चाचपावा. सामना फुकट हवा, पास ओळखीतून हवा, गाणे मोबाइलवर फुकट हवे आणि शाहिराने मात्र पुढाऱ्याशी वैर घ्यावे, हे जमायचे नाही. ज्याचा पैसा त्याचे गाणे, हा व्यवहार पंकलाही चुकला नाही. तेव्हा पुढच्या सामन्याला पास मागू नका. तिकीट काढा, आणि मग पहिल्या रांगेवरचे कवन हक्काने मागा.