तुमचे घड्याळ मागे आहे

संपादकमहाशयांचे पत्र आले, की दिवाळी अंकातल्या सदरासाठी या खेपेस काही उपयोगी मजकूर द्यावा. मराठीच्या अध्यापकाकडून उपयोगी मजकुराची अपेक्षा करणारा हा पहिलाच मनुष्य मला भेटला, म्हणून भारावून जाऊन मी लगेच होकार कळवला. मागाहून आठवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की उभ्या आयुष्यात उपयोगी असे ज्ञान मी एकच मिळवले आहे, आणि तेही गेल्या भाऊबीजेला, संध्याकाळच्या तीन तासांत, घामाघूम होऊन. तेच वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या मातोश्रींना ऐकू येत नाही. कमी येते असे नव्हे, येतच नाही. इंदूरला त्यांचे थोरले बंधू, म्हणजे माझे मामा, त्यांचीही तीच गत. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दुसरे चौऱ्याऐंशीचे. टेलिफोनवर दोघांचे संभाषण म्हणजे दोन स्वतंत्र भाषणे होत. आई इकडून "गुडघे कसे आहेत?" विचारी आणि मामा तिकडून "हो, सराफ्यात जाणं बंद केलं" असे सांगत. दोघेही समाधानाने फोन ठेवीत हे खरे; पण त्याला बोलणे कसे म्हणावे?

तीन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीने आईसाठी टॅब्लेट आणला आणि चित्र पालटले. मामांनी माळ्यावरून दगडी पाटी काढली. पाटीवर खडूने लिहायचे आणि कॅमेऱ्यासमोर धरायचे! इकडे आईने चिरंजीवांची एक जुनी पाटी ताब्यात घेतली. दर रविवारी सकाळी दहा ते अकरा सांगली आणि इंदूर यांच्यात असा पाटी-व्यवहार चाले. त्यात एक गंमत होती. असल्या संभाषणात स्वतःचे चित्र आपल्याला आरशातल्यासारखे, डावे-उजवे उलटून दिसते. समोरच्याला मात्र ते सरळच दिसते. मामांना आपली पाटी उलटी दिसली. मनुष्य जुन्या काळातला ओव्हरसिअर. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय चैन पडायचे नाही. त्यांनी चिकाटीने उलटी अक्षरे काढण्याचा सराव केला. परिणाम असा, की त्यांना ती सुलटी दिसत आणि आम्हाला उलटी! मी दोनदा समजावून पाहिले. मग आईनेच हातआरसा जवळ घेऊन बसायला सुरुवात केली, आणि प्रश्न मिटला.

मात्र गेल्या वर्षी श्रावणात मामा न्हाणीघरात पडले. आधी इस्पितळ, मग मामेबहिणीच्या घरी महिना-दोन महिने. रविवारचा व्यवहार थांबला. टॅब्लेट आईने शालीत गुंडाळून कपाटात ठेवून दिला. आम्ही फोनवरून कळणारी हकिगत कागदावर लिहून तिला दाखवीत असू: "मामा बरे आहेत." ती वाचे, कागदाची घडी करी आणि काही बोलत नसे.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी तिने कपाट उघडले. टॅब्लेट अर्थातच निष्प्राण. दोन तास विजेवर लावल्यावर तो जागा झाला. पण इंटरनेट लागेना.

आता इथून उपयोगी मजकूर सुरू होतो.

वायफाय हे नाव कशाचे तरी संक्षिप्त रूप असावे असे मला वाटे. तसे काही नाही. १९९७ साली या तंत्राचे जे मानक ठरले त्याचे नाव आठशे दोन पूर्णांक अकरा असे होते. असल्या नावाने बाजारात कोण विचारणार? म्हणून १९९९ साली नावे पाडण्याचाच धंदा असलेल्या एका कंपनीकडून हे सुटसुटीत नाव करून घेतले. नामकरणविधीला फी लागते हे आपल्याला ठाऊक आहेच. वस्तू मात्र जुनीच: रेडिओच्या लहरी. १८९५ साली जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात अशा लहरी भिंतींपलीकडे पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली होती.

बसूंच्या लहरी भिंतीतून गेल्या, आमच्या जाईनात. आमचे घर आजोबांनी बांधलेले. भिंती चांगल्या दीड फुटी, विटांच्या. आईची खोली मागल्या बाजूला. राउटर, म्हणजे इंटरनेट वाटणारी ती डबी, दिवाणखान्यात. आणि दिसायला बरी नाही म्हणून आमच्या सौ.नी ती शोकेसमध्ये पितळी गणपतीच्या मागे दडवलेली. धातू या लहरींना पुढे जाऊ देत नाही. भिंती, आरसे, पाण्याने भरलेली पिंपे हीही त्यांना अडवतात. वर राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक अडीच गिगाहर्ट्झच्या जरा खालची, सुमारे बारा सेंटिमीटर लांबीची; दुसरी पाच गिगाहर्ट्झची, त्याच्या निम्म्याने आखूड. आखूड लहर वेगाने माहिती वाहते, पण भिंतीशी गाठ पडली की लवकर दमते. लांब लहर सावकाश जाते, पण दूरवर पोहोचते. मागल्या खोलीतल्या माणसाने लांब लहरीची कास धरावी. मात्र स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात काम करतो, तेव्हा कुणी फराळाचे गरम करीत असेल तर थोडा धीर धरावा.

हे सगळे ज्ञान मला चिरंजीवांनी दिले. ते नववीत आहेत. मी टॅब्लेट उचलून शोकेसपाशी आणला. गणपतीला हात जोडून बाजूला सरकवले. आता लहरींच्या रेघा पूर्ण उमटल्या, पण शेजारी एक उद्गारचिन्ह! राउटरशी नाते जुळले आहे, पण इंटरनेट नाही, असा त्याचा अर्थ. लग्न झाले पण नांदायला जात नाही, असा प्रकार.

मग मी चारचौघे करतात ते सर्व केले. वायफाय बंद करून चालू केले. टॅब्लेट बंद करून चालू केला. राउटरची पिन काढली, अर्धा मिनिट मोजले, पुन्हा लावली. सगळे दिवे लागेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबलो. (हा उपाय उगीच नव्हे. राउटरही कधी कधी बावचळतो आणि झोप काढल्यावर ताळ्यावर येतो.) टॅब्लेटला हे जाळे 'विसरून जा' अशी आज्ञा देऊन परवलीचा शब्द नव्याने घातला. तो राउटरच्या बुडाशी मुंगीच्या अक्षरात छापलेला असतो. शून्य की ओ? एक की एल? तीनदा चुकलो. इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घ नाही म्हणून आमची मुले सुखावतात. पण तिथे मोठी लिपी आणि लहान लिपी आहे, आणि चूक झाली तर अर्धा गुण कापत नाहीत, दारच उघडत नाही. चौथ्या खेपेस दार उघडले. उद्गारचिन्ह जागच्या जागी.

"बाबा, तुमचा फोन याच वायफायवर आहे ना? तो चालतोय ना?" चिरंजीव म्हणाले.

चालत होता. याचा अर्थ राउटर निर्दोष, तारा निर्दोष, कंपनी निर्दोष. दोष टॅब्लेटचाच. वाचकहो, सगळ्या खटपटीत हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा. मी तो शेवटी विचारला, म्हणजे मलाही विचारावा लागला नाही.

एवढ्यात आई बाहेर आली. हातात निरांजनाचे तबक. साडेसहा वाजले होते. मी कागदावर लिहिले, "टॅब्लेट बिघडला आहे." तिने वाचले. मग माझ्याकडे पाहिले, सौ.कडे पाहिले.

"खरं सांगा," ती म्हणाली. "दादा आहे ना?"

ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज त्याच्या ताब्यात नसतो. ती हे जरा मोठ्यानेच बोलली.

काय तिच्या मनात चालले होते ते तेव्हा माझ्या ध्यानात आले. दोन-अडीच महिने आम्ही कागदावर "बरे आहेत" लिहीत होतो, आणि आता नेमका भाऊबीजेलाच टॅब्लेट बिघडला होता. वडील गेले तेव्हाही पहिला दिवसभर आम्ही तिला "अजून बेशुद्ध आहेत" असेच सांगितले होते. ती ते विसरली नव्हती.

मी घाईघाईने माझ्या फोनवरून मामेबहिणीला लावले. मामा आले, पण तिकडे दिवा अंधूक, डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, चेहरा बोटाच्या पेराएवढा. पाटीवरची अक्षरे म्हणजे खसखस. आईच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. तिने फोन लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि परत दिला.

"माकडटोपी कुणालाही घालता येते," ती म्हणाली आणि तबक घेऊन आपल्या खोलीत गेली.

मी पुन्हा टॅब्लेट हाती घेतला. एखादे पान तरी उघडते का पाहावे म्हणून एका वर्तमानपत्राचे नाव घातले. पान उघडले नाही. इंग्रजीत एक सूचना आली. अर्थ असा, की तुमचे घड्याळ मागे आहे. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. भिंतीवरच्या पाहिले. दोन्ही बरोबर! यंत्राला वेड लागले असे म्हणून मी ती सूचना पुसून टाकली. तीच सूचना पुन्हा आली, पुन्हा पुसली. वीस वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे, की आधी उतारा नीट वाचा, मग उत्तर लिहा.

चिरंजीवांनी टॅब्लेट माझ्या हातून काढून घेतला. पडद्याचा दिवा विझवून पुन्हा लावला. पहिल्याच पडद्यावर ठसठशीत अक्षरांत होते: गुरुवार, १ जानेवारी. साल आत शोधावे लागले. १९७०!

ही तारीख यंत्राच्या मनाची नव्हे. हे टॅब्लेट काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तीही ग्रिनिचची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. बॅटरी अगदी संपून आतले घड्याळ बंद पडले, की काही यंत्रे पुन्हा त्या पहाटेपासून आयुष्य सुरू करतात. एरवी इंटरनेट लागताच ती आपली वेळ आपणच दुरुस्त करून घेतात. पण ती सोय कुणीतरी बंद करून ठेवली होती. कुणी, हा प्रश्न मी विचारण्याआधीच चिरंजीवांचे कान लाल झाले. मे महिन्यात आजीच्या टॅब्लेटवर ते एक खेळ खेळत. त्यात हरले की काही तासांनी नवा डाव मिळतो. तारीख एक दिवस पुढे ढकलली की लगेच मिळतो. यासाठी त्यांनी ती सोय बंद केली होती.

पण तारखेचा इंटरनेटशी संबंध काय? संबंध असा. आपण जिथे जातो तिथले प्रत्येक ठिकाण आधी आपले ओळखपत्र दाखवते, आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य' असे लिहिलेले असते. आमचा टॅब्लेट होता १९७० सालात. पन्नास-पंचावन्न वर्षे पुढची तारीख घातलेले ओळखपत्र कुणी दाखवले, तर त्याला तो काय म्हणणार? बनावट! तो प्रत्येकाला दारातून परत पाठवीत होता. बिघडला नव्हताच तो. फारच कर्तव्यदक्ष झाला होता.

तारीख बरोबर केली, आपोआप वेळ लावण्याची खूण पुन्हा केली, आणि उद्गारचिन्ह नाहीसे झाले. याला अर्धे मिनिट लागले असेल.

टॅब्लेट घेऊन मी आईच्या खोलीत गेलो. कागदावर सगळे लिहिले, कारण तिला कारण सांगितल्याशिवाय ती पडद्याकडे बघणार नव्हती. १९७० हा आकडा तिने दोनदा वाचला.

"सत्तर साली मी इंदूरलाच होते," ती म्हणाली. "लग्न व्हायचं होतं माझं. भाऊबीजेला दादा समोर पाटावर बसायचा. तेव्हा कशाला लागेल हे?"

मागल्या खोलीत रेघा दोनच होत्या, पण लांब लहरीने काम केले. चित्र आले, अडखळले, पुन्हा आले. माकडटोपी, मफलर. आई पुढे झुकून बघत राहिली. मामा बरेच वाळले होते. दोन्ही हातांनी त्यांनी पाटी वर धरली. हात थरथरत होता, अक्षरे वाकडी झाली होती, आणि सगळी उलटी होती.

आईने हातआरसा मागितलासुद्धा नाही. "दादाच आहे," ती म्हणाली आणि काडेपेटी शोधू लागली.

ओवाळताना निरांजन पडद्याच्या इतके जवळ गेले, की सौ.ना तबक मागे ओढावे लागले. मग मामांनी खिशातून पाचशेची नोट काढून ओवाळणी म्हणून कॅमेऱ्यापुढे धरली. नोटेवरचा आकडा आम्हाला अगदी सुलटा दिसला. संधी साधून मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, "मामा, नोट सरळ दिसते, तशी पाटीही सरळच दिसते. उलटे लिहू नका." त्यांनी ते लक्षपूर्वक वाचले, आपल्या पाटीवरचे पुसले आणि बराच वेळ लिहीत राहिले. या वेळी मात्र आरसा लागला. त्यात मजकूर होता: "मला उलटी दिसते."

टॅब्लेट आता दर शनिवारी रात्री विजेवर लावला जातो. ते काम चिरंजीवांकडे आहे. राउटर शोकेसच्या माथ्यावर उघड्यावर बसतो आणि गणपती त्याच्या खाली. रविवारी दहा वाजता आई पाटीवर पहिले वाक्य लिहिते ते ठरलेले आहे: "माझे पाचशे?" नोट अजून इंदूरलाच आहे.