मोडलेला पंख

दिवाळीच्या तोंडावर घरात भाजणीचा वास सुटलेला असताना, सत्तरी ओलांडलेला गृहस्थ काचकागदाने लाकडाची काडी घासत बसला, तर घरची माणसे एकमेकांकडे पाहणारच! आमच्याकडे सध्या हेच चालले आहे. सौभाग्यवतींनी तर “घरात भुसा आणि तोही फराळाच्या दिवसांत!” असे जाहीरपणे सांगून टाकले आहे.

त्याचे असे झाले. चिरंजीव बँकेत. त्यांची बदली अजिंठा गावी झाली आणि त्यांच्याबरोबर आम्हीही आलो. सामान लावताना नातीला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. आत बाल्सा लाकडाच्या फासळ्या, टाचण्या, एक नकाशा आणि विमानाचा मोडका पंख.

“आजोबा, हे कुणी मोडलं?” तिने विचारले.

चिरंजीव समोरच पुस्तके लावीत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

कॉलेजात एन.सी.सी.च्या हवाई विभागात मला विमानांच्या प्रतिकृतींचा नाद लागला. पुढे नोकरीत तो सुटला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून ‘पस मॉथ’ विमान जुहूला उतरवले होते. 1982 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘लेपर्ड मॉथ’मधून तोच प्रवास पुन्हा केला. ती बातमी वाचून मला राहवेना. ते अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उडतात, मग मी तिशीत काड्या का चिकटवू नयेत?

मी पस मॉथच करायला घेतले. खऱ्या विमानाचा पंखविस्तार 11.2 मीटर, माझे चोविसाव्या हिश्शाचे, म्हणजे जवळजवळ 47 सेंटिमीटरचे. या प्रमाणात एक मिलिमीटर चुकला, की खऱ्या विमानात 24 मिलिमीटरची चूक! फासळ्या कापायच्या, नकाशावर टाचण्यांनी उभ्या करायच्या, वरून पातळ कागद चिकटवून पाणी शिंपडायचे. वाळला की तो ढोलकीसारखा ताणला जातो. कचेरीतून आल्यावर रोज तासभर, अशी दोन वर्षे गेली.

1984 च्या दिवाळीत सहा वर्षांच्या राजूने ते गॅलरीतून उडवले. विमान उडण्यासाठीच असते, अशी त्याची सरळ समजूत. पंख मोडला. मी त्याच्या थोबाडीत मारली आणि म्हणालो, “पुन्हा माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही!”

त्याने तो शब्द फार प्रामाणिकपणे पाळला. मी डबा बंद केला आणि विचारणाऱ्यांना सांगत राहिलो की वेळ मिळत नाही.

परवा नातीला घेऊन लेण्यांत गेलो. सतराव्या लेण्यात आकाशातून जाणारे इंद्र आणि अप्सरा तिला दाखवल्या. त्यांना पंख नाहीत. मागे उडणाऱ्या हारांवरून त्यांचा वेग कळतो. परत येताना तिला रॉबर्ट गिलची हकिकत सांगितली. हा लष्करी अधिकारी 1844 साली या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. पुढे वर्षानुवर्षे तो इथे चित्रे उतरवीत राहिला. त्या नकला लंडनला गेल्या, आणि 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. गिल पुन्हा कामाला लागला. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन तेरा वर्षे नव्या नकला केल्या. त्यांतल्याही शंभरावर 1885 च्या आगीत गेल्या. उरलेल्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

“मग ते कुणाला रागावले?” नातीने विचारले.

मला उत्तर सुचेना. माझा तर एकच पंख मोडला होता, आणि तो दुरुस्त व्हायला दोन संध्याकाळी पुरल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. जुन्या फासळीवर पेन्सिल फिरवून नव्या कापल्या. चष्मा दोनदा बदलला, बोट एकदा कापले. हात थरथरतो, पण काचकागदाला त्याची तक्रार नसते. पंख जोडायची वेळ आली तेव्हा मात्र माझे दोन हात पुरेनात. राजू बँकेतून येऊन दारातच उभा होता.

“राजू, जरा हा पंख धर रे.”

तो क्षणभर थांबला. मग आत जाऊन हात धुऊन आला आणि पंख दोन बोटांत अलगद धरला.

“बाबा, हलला तर?”

“हलू दे. पुन्हा चिकटवू.”

फेव्हिकॉल धरेपर्यंत आम्ही दोघे तसेच बसून होतो. नातीने मध्येच पहिल्या घाण्यातल्या चकल्या आणून ठेवल्या. पण हात कुणाचाच मोकळा नव्हता. शेवटी तिनेच आम्हाला भरवल्या.