आत येताना पहारा हवा, बाहेर पडताना नको

कार्ड टेकवल्याशिवाय किंवा बोटाचा ठसा दिल्याशिवाय आता बऱ्याच कार्यालयांचे दार उघडत नाही. बँका, आयटी कंपन्या, रुग्णालये, गोदामे अशा सगळीकडे ही यंत्रणा पोहोचली आहे, आणि तिचे फायदे खरे आहेत. किल्ली हरवली तर कुलूप बदलावे लागते. कार्ड हरवले तर ते लगेच रद्द करता येते. कोण केव्हा आत गेले याची नोंदही राहते. मात्र अनेक ठिकाणी तेच दार बाहेर पडणाऱ्याकडूनही कार्ड मागते. कधी हजेरीसाठी, कधी माल चोरीला जाऊ नये म्हणून. ही सोय जिवावर बेतू शकते. दाराने आत येणाऱ्याची ओळख जरूर तपासावी. बाहेर पडणाऱ्याला कुणाच्याही परवानगीची गरज असता कामा नये.

बंद दाराची किंमत कामगारांनी पूर्वीही मोजली आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात लागलेल्या आगीत १४६ जण मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते, कारण सुटताना कामगारांच्या पिशव्या तपासता याव्यात म्हणून सगळ्यांना एकाच दाराने सोडले जाई. आपल्याकडे डिसेंबर २०१६ मध्ये पुण्याच्या कोंढव्यात एका बेकरीत झोपलेले सहा कामगार आगीत गेले. मे २०१९ मध्ये उरुळी देवाची येथील कापड दुकानात पाच. दोन्ही ठिकाणी दार बाहेरून बंद होते. या सगळ्या घटनांतली कुलपे साधी होती. पण मालाच्या काळजीपोटी माणसाची वाट अडवण्याचा तोच विचार इलेक्ट्रॉनिक कुलपात शिरला, तर परिणाम वेगळा होणार नाही.

यंत्रणा विकणारे सांगतात की वीज गेली की दार आपोआप उघडते. हे अर्धेच खरे आहे. काचेच्या दारावर बसवलेले चुंबकीय कुलूप वीज असेपर्यंतच धरून ठेवते, हे बरोबर. पण त्याला अनेकदा बॅटरीचा बॅकअप असतो, त्यामुळे इमारतीची वीज गेल्यावरही ते घट्टच राहते. खिट्टी सरकवणाऱ्या काही कुलपांचे तर वीज गेली की बंदच राहायचे असे काम असते. आतल्या बाजूने हाताने फिरणारी मूठ नसेल, तर अशा दारामागे माणूस अडकतो. म्हणून खिट्टीच्या कुलपाला आतून मूठ हवीच, आणि आगीची घंटा वाजताच चुंबकीय कुलपाचा वीजपुरवठा, बॅटरीसकट, थेट तुटला पाहिजे. तो आदेश एखाद्या सर्व्हरमार्फत जाणार असेल तर भरवसा धरता येत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकचे जाळे कोलमडले तेव्हा त्यांच्याच कर्मचाऱ्यांची ओळखपत्रे दारांवर चालेनाशी झाल्याच्या बातम्या होत्या. तिथे प्रश्न आत जाण्याचा होता. धुराने भरलेल्या जिन्यात तो बाहेर पडण्याचा असेल.

यावर पहिला आक्षेप चोरीचा. बाहेरचा रस्ता मोकळा ठेवला तर माल जाईल, ही धास्ती गैर नाही. पण तिच्यावर उपाय आहेत: संकटकालीन दार ढकलले की मोठा भोंगा वाजावा, कॅमेऱ्यात चित्रण व्हावे. बाहेरच्या बाजूने बंद आणि आतून मुठीने कायम उघडणारी कुलपे बाजारात मिळतात. त्यांमुळे वीज गेली तरी चोराला दार उघडे मिळत नाही. दुसरा आक्षेप असा, की दाराशी सुरक्षारक्षक असतोच. पण रात्रपाळीचा एकटा रक्षक चार मजल्यांवरची दारे उघडत फिरू शकत नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. जिथे कुलपासाठी, कार्डांसाठी, सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजले जातात, तिथे आतली मूठ आणि घंटेला जोडणारी तार परवडत नाही, हे पटण्यासारखे नाही.

नियम नाहीत असेही नाही. बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. कार्ड ही किल्लीच आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार मालकाला किंवा ताबेदाराला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या तपासणीत प्रत्येक इलेक्ट्रॉनिक दाराची चाचणी सक्तीची करावी: वीज तोडून, घंटा वाजवून, कार्डाशिवाय दार उघडून पाहावे आणि निकाल दारनिहाय लिहावा. राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाने एक स्पष्ट परिपत्रक काढले तर पुढच्याच फेरीपासून हे सुरू होऊ शकते. तोवर मालकांनी थांबू नये. संध्याकाळी कार्यालय सुटण्यापूर्वी एकदा मुख्य स्विच बंद करून आपली माणसे बाहेर पडू शकतात का, हे त्यांनी स्वतः पाहावे.