पोरक्या धर्मग्रंथांचा धनी कोण?

हर्बर्ट आर्मस्ट्राँग या अमेरिकन धर्मोपदेशकांनी ‘मिस्टरी ऑफ द एजिस’ हा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध केला आणि जानेवारी १९८६ मध्ये ते वारले. ग्रंथाचा स्वामित्वहक्क त्यांनीच स्थापन केलेल्या चर्चकडे गेला. पुढे चर्चची मते पालटली व १९८८ मध्ये त्याने ग्रंथाचे वितरण थांबवले. ज्यांना तो ग्रंथ प्रमाण वाटत होता, त्यांच्यापैकी एका गटाने वेगळे चर्च काढले आणि १९९७ मध्ये ग्रंथ छापून विनामूल्य वाटला. जुने चर्च न्यायालयात गेले. २००० साली अपील न्यायालयाने, दोन विरुद्ध एक मताने, त्याच्या बाजूने कौल दिला. अखेर २००३ मध्ये अनुयायांनी या ग्रंथासह १९ लेखनांचे हक्क तीस लाख डॉलर मोजून विकत घेतले.

कायद्याच्या दृष्टीने निकाल चुकीचा नसेल. पण स्वामित्वहक्क समाज देतो तरी कशासाठी? लेखकाला श्रमाचे मोल मिळावे, प्रकाशकाने भांडवल घालावे आणि त्यातून ग्रंथ लोकांपर्यंत पोचावा, यासाठी. हा अखेरचा हेतूच संपला की मागे उरते ती निव्वळ मक्तेदारी. सलग दोन वर्षे पडीक राहिलेली जमीन सरकारला व्यवस्थापनाखाली घेता येईल, अशी तरतूद १९४८ च्या मुंबई कूळकायद्यात होती. पडीक ग्रंथाला वेगळा न्याय का? चर्चला मत बदलण्याचा अधिकार आहेच. त्याने जुन्या मताचे खंडन खुशाल करावे. पण खंडन करणे वेगळे आणि ग्रंथ कुलपात घालणे वेगळे.

आपल्याकडचे दुखणे निराळे आहे. ज्ञानदेव-तुकारामांची वाणी सर्वांची आहे. तिला धनी नाही. प्रश्न आहे तो विसाव्या शतकातील निरूपणांचा, चरित्रांचा, मठांनी छापलेल्या पुस्तिकांचा. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. १९६४ अखेरपर्यंत वारलेल्या लेखकांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन मोकळे झाले आहे. त्यानंतरच्यांचे काय? मठ ओस पडतो, छापखाना मोडतो, वारसांचा ठावठिकाणा लागत नाही. कोणाचीही हरकत नसते, तरी छापायची कोणाची छाती होत नाही.

कायद्यात वाट आहे. १९८३ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१-क २०१२ मध्ये प्रसिद्ध ग्रंथांनाही लागू झाले. परंतु अर्जापूर्वी जाहिरात द्यायची ती इंग्रजी दैनिकात. दुसऱ्या भाषेतील दैनिक लागते ते केवळ भाषांतर असेल तर, आणि तेही भाषांतराच्या भाषेतील! मराठी पोथीचा वारस इंग्रजी वृत्तपत्रात शोधायचा, आणि २०२१ मध्ये अपील मंडळ रद्द झाल्यापासून परवान्यासाठी वाणिज्यिक न्यायालयात जायचे! गावच्या वाचनालयाला वा एखाद्या फडाला हा खर्च झेपेल काय?

म्हणून मागणी साधी आहे. ज्या मृत लेखकाचा ग्रंथ दहा वर्षे बाजारात नाही, तो त्याच भाषेतील दैनिकात सूचना देऊन कोणालाही छापता यावा. मजकूर व लेखकाचे नाव अबाधित राहावे. ठरावीक मानधन सरकारी ग्रंथालयाकडे जमा व्हावे आणि वारस पुढे आल्यास ते त्याला मिळावे. यात वारसाचे काही बुडत नाही. आज मात्र वाळवी ग्रंथ खाते आहे आणि कायदा त्या वाळवीला संरक्षण देत आहे.